शेताला दिवसाची लाईट

मंडळी, अपारंपरिक ऊर्जेचा विषय निघाला की जर्मनी, चीन, हायड्रोजन असं सगळं येतं. येऊ द्या, पण मी सुरुवात दारं धरण्यापासून, म्हणजे पिकाला पाणी देण्यापासून करणार आहे. रात्री उसाला पाणी दिलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. अर्धं सभागृह! म्हणजे निम्मं व्याख्यान तुम्हीच देऊ शकता.

आमच्या धाकट्या काकांच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर. मोटरला लागणारी थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की जानेवारीच्या थंडीत बारानंतर निघायचं, एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. सरीत पाय घातला की गुडघ्याखाली बधिर. काकू ओसरीवर बसून असायच्या. मोटरचा आवाज थांबला की त्यांचा जीव वर-खाली. नुसती लाईट गेली, का माणसालाच काही झालं, हे घरून कसं कळणार? घोणस, फुरसं तुम्हाला सांगायला नको. जुन्नर-ओतूरकडे तर उसात बिबट्या. त्यात प्रत्येक मोटरला ऑटो स्विच. लाईट आल्याबरोबर सगळ्या शिवाराच्या मोटरा एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळते. दुसरी डीपी येईपर्यंत ऐन ओंबीतला गहू सुकतो. मला याचा आजही संताप येतो, कारण पिढ्यान् पिढ्या आपण हे नशीब म्हणून सोसलं.

हे नशीब नव्हतं. कोळशावर वीज करणाऱ्या संचाचा बॉयलर संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. त्याला एका मर्यादेखाली उतरवणंही अवघड. दिवसा कारखाने, कचेऱ्या वीज ओढतात, रात्री मागणी पडते. तो खड्डा भरायला शेती सापडली. काकांची झोप बॉयलरच्या सोयीने ठरत होती.

सौर विजेनं हे घड्याळच उलटं केलं. आता स्वस्त वीज भर दुपारी मिळते. आणि पिकाला पाणी लागतं कधी? रब्बीत, उन्हाळ्यात, आभाळ निरभ्र असतं तेव्हा. दुपारी भिजलेलं रान रात्री ओलंच असतं, म्हणजे वीज साठवून ठेवायला बॅटरी लागत नाही. जगभर साठवणुकीवर अब्जावधी खर्च होत असताना ही सोय आपल्या शिवारात आयती आहे.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो.

२०१७ला राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०१९ला केंद्राची कुसुम योजना. कृषी फीडर, म्हणजे शेतीला वीज नेणारी वाहिनी, गावठाण फीडरपासून वेगळा काढायचा आणि वीज उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून त्यावर चालवायचा. मला हा मार्ग सुट्या सौरपंपापेक्षा बरा वाटतो. सुटा पंप पावसाळ्यात नुसता उभा राहतो. फीडरवरच्या प्रकल्पाची वीज तेव्हा इतरांना जाते. प्रकल्पाला दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. पण गायरान देताना मेंढपाळांना विचारल्याशिवाय ग्रामसभेने ठराव करू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

पावसाळ्यात ऊन कमी, पण तेव्हाच साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वारा जोरात असतो. राहिली संध्याकाळ, गावात दिवे लागतात ती वेळ. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की कड्याखालच्या चोंढ्याकडे सोडायचं, या हिशोबाने तो बांधला. तेच पाणी आता दुपारच्या सौर विजेवर चढवता येईल. सह्याद्रीच्या कड्याला अशा जागा आणखी आहेत. मात्र तिथे जंगल आहे, माणसं आहेत, म्हणून जागा निवडून घ्याव्या लागतील.

कोळसा मागे पडला तर चंद्रपूरच्या खाणकामगारांचं काय, हा प्रश्न राहिला. तो पाच मिनिटांत उरकण्याचा नाही. त्यावर वेगळं बोलवा, मी येईन.