या चेसिसवर काय बाकी आहे?

मंडळी, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या बाहेर टर्मिनलमध्ये उभ्या आहेत आणि काहींना रात्री भरून निघायचं आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात एका तरुणाचा फोन आला. पहिलीच गाडी घेत होता, दहाचाकी. म्हणाला, "काका, या मॉडेलबद्दल कंपनीने दोन-तीन सर्व्हिस बुलेटिन काढलीत असं कळलं. डिलिव्हरीच्या आधीच ती सगळी कामं करून मागू, की नव्या गाडीला कुणाला हातच लावू देऊ नको?" मी घाईत त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटत राहिलं की पोराने चाळीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेतलंय, त्याला यापेक्षा नीट उत्तर मिळायला हवं होतं. ते नीट उत्तर आज तुमच्यापुढे द्यायचा प्रयत्न करतो.

बुलेटिन म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, शेवटची नऊ फोरमन म्हणून. तिथे आम्ही याला 'सर्क्युलर' म्हणायचो. होतं असं की एका मॉडेलच्या गाड्या रस्त्यावर उतरतात आणि चार-सहा महिन्यांत वेगवेगळ्या राज्यांतून एकाच दुखण्याच्या तक्रारी यायला लागतात. कंपनीचे इंजिनिअर कारण शोधतात आणि सगळ्या डीलरना पत्रक जातं: अमुक चेसिस नंबरपासून तमुक नंबरपर्यंतच्या गाड्यांत ही तक्रार दिसू शकते, ती अशी तपासा, हा पार्ट बदला, एवढे तास मजुरी लावा, क्लेम असा करा. पत्रक मेकॅनिकसाठी असतं. मालकाच्या हातात ते सहसा येत नाही. अमेरिकेत कंपन्यांना अशी पत्रकं तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे द्यावी लागतात आणि ती कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे ती डीलरच्या कॉम्प्युटरमध्ये असतात आणि विचारल्याशिवाय कुणी आपणहून दाखवत नाही. म्हणून विचारायचं कसं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये मी बीएस-६ ची माझी पहिली गाडी घेतली, धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागतं अशी. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. काम ठरलेलं होतं, कळंबोलीहून स्टीलची कॉइल भरायची आणि चाकणला उतरवायची. तिसऱ्याच आठवड्यात आमच्या ड्रायव्हरचा, अण्णांचा फोन आला, "दादा, युरियाचा दिवा पेटलाय आणि गाडी ओढत नाही." खोपोली सोडून घाट चढायला लागल्यावर हे झालं होतं. भरलेली गाडी रांगत होती, मागे रांग लागली होती आणि टाकीत युरिया तर अर्ध्यावर होता.

पहिल्या खेपेला वर्कशॉपने टाकी रिकामी करून नवा युरिया भरला. दुसऱ्यांदा धुराड्यातला नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे वायू मोजणारा, बदलला, वॉरंटीत. तिसऱ्यांदा युरिया फवारणारा नोझल काढला, तर त्याच्या तोंडाशी पांढरे खडे जमलेले, मिठासारखे. ते साफ केले. दर वेळी चार-पाच खेपा बऱ्या जायच्या आणि पुन्हा घाटात दिवा. चौथ्यांदा एक नवा पोरगा कामाला होता. त्याने लॅपटॉप जोडला, आधी सॉफ्टवेअरचा नंबर बघितला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गाडीत जुनं सॉफ्टवेअर आहे. याचं सर्क्युलर आलेलं आहे." मी ते पत्रक दाखवायला सांगितलं. त्यावरची तारीख माझ्या डिलिव्हरीच्या दोन महिने आधीची होती. गाडी यार्डात उभी होती तेव्हाच औषध आलेलं होतं, फक्त कुणी पाजलं नव्हतं. काम तासाभरात झालं आणि तो दिवा पुन्हा पेटला नाही.

त्या चार फेऱ्यांत गाडी एकूण अकरा दिवस उभी राहिली. हप्ता चुकला नाही, भाडं बुडालं. पण त्याहून जास्त एक गोष्ट मला अजून बोचते. मधल्या काळात मी अण्णांवर दोनदा संशय घेतला होता, की ते युरियात पाणी मिसळतात आणि उरलेला विकतात. वीस वर्षं माझ्याबरोबर असलेला माणूस. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी "जाऊ द्या दादा" म्हटलं. पण मालकाला माहिती नसली की संशय ड्रायव्हरवरच जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तर त्या तरुणाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. मागायचं. डिलिव्हरीच्या आधी मागायचं, आपल्या चेसिस नंबरवर मागायचं आणि लेखी मागायचं. पण सगळं मागायचं नाही.

सगळं का नाही, हे मेकॅनिक म्हणून सांगतो. काही सर्क्युलर चेसिस नंबरावर लागू असतात, तक्रार असो वा नसो. वर्कशॉपमध्ये त्याला 'कॅम्पेन' म्हणतात. स्प्रिंगच्या पाट्याजवळून जाणारी वायर घासते म्हणून तिला रबरी नळी आणि नवी क्लिप लावायची, एखादा बोल्ट तपासून ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने कसायचा, सॉफ्टवेअर नवं टाकायचं, ही त्यातली कामं. ती नव्या गाडीत करून घ्यायलाच हवीत. पण बऱ्याच सर्क्युलरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ग्राहकाने तक्रार केली तरच काम करा. गिअर थंडीत जड पडतो, मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमधून आवाज येतो, केबिन हलते, अशी ती दुखणी. ती दर गाडीत निघत नाहीत. तुमच्या गाडीत नसलेल्या दुखण्यासाठी गिअरबॉक्स उघडायला लावणं म्हणजे निरोगी माणसाचं पोट फाडणं.

कारखान्यात चाकाचा हब बसतो तेव्हा जागा स्वच्छ असते, दाबून बसवायचं यंत्र असतं, टॉर्क मोजला जातो. तोच हब पावसाळ्यात यार्डाच्या शेडमध्ये उघडला तर काय होतं ते मी पाहिलंय. मालकाने आवाजाची शंका घेतली म्हणून आम्ही एका नव्या गाडीचा हब उघडला. आत काही नव्हतं. परत बसवताना ऑइल सीलच्या ओठाला नखाएवढी चीर गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभरात त्या चाकाचं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर आलं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. ते काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं, म्हणून आजही नवी गाडी उघडायची म्हटली की मी आधी विचारतो, तक्रार खरोखर आहे का?

सॉफ्टवेअर टाकण्यातही जोखीम नाही असं नाही. मोठ्या गाडीला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, मिळून चोवीस. यार्डात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. सॉफ्टवेअर चढत असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, मधेच अडकतो आणि कधी कधी तो बदलावाच लागतो. म्हणून तुम्ही शेजारी उभे राहा आणि बॅटरीला चार्जर लावलाय का, एवढं डोळ्यांनी बघा. लॅपटॉपवर ती पट्टी भरत असते तेव्हा कुणीही चावीला हात लावायचा नाही. काम झालं की जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरचा नंबर जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या.

आणि हे कधी करायचं? आपण चेसिस घेतो आणि बॉडी वेगळीकडे बांधतो. बॉडीवाल्याकडे वेल्डिंग चालतं. वेल्डिंगची अर्थिंगची वायर चेसिसला लावताना बॅटरी काढली नसेल, ईसीयूचा सॉकेट सुटा केला नसेल, तर करंट वायरिंगमधून फिरतो आणि नवाकोरा ईसीयू जाऊ शकतो. त्यामुळे बॉडीवाल्याला आधी बजावून सांगा, बॅटरी काढूनच वेल्डिंग. आणि मागणी आधीच लेखी दिलेली असू द्या, पण काम मात्र बॉडी होऊन गाडी परत डीलरकडे तपासणीला आली की मग; तेव्हा सॉफ्टवेअर आणि वायरिंगची सर्क्युलर करून घ्या. आधी केलीत तर बॉडीवाल्याने पुन्हा कुठे वायर दाबली, ते कळणार नाही.

गाडीची निर्मितीची तारीख बघायला विसरू नका. फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांत बसते असा कंपनीचा दाखला, मागा, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर त्यात असतो, आणि निर्मितीचा महिना डीलरकडून लेखी घ्या. मार्चअखेरीला किंवा डिसेंबरमध्ये डीलर यार्डातला जुना माल काढतो, चांगली सूट देतो. घ्या सूट, मीही घेतली आहे. पण आठ महिने उभी असलेली गाडी म्हणजे त्या आठ महिन्यांत आलेली सर्क्युलर तिच्यावर बाकी असण्याची शक्यता मोठी.

विचारायचं कुणाला? शोरूममधल्या सेल्सवाल्याला विचारू नका. तो भला माणूस असेल, पण त्याला ठाऊक नसतं, आणि "नव्या गाडीला काही नसतं साहेब" हे तो मनापासून म्हणतो. वर्कशॉपमध्ये जा. तिथे वॉरंटी क्लेम बघणारा एक जण असतो, कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेला. त्याच्यापुढे चेसिस नंबर ठेवा आणि विचारा, "या चेसिसवर काय बाकी आहे?" तो नंबर टाकला की यादी त्याच्या पडद्यावर येते. कॅम्पेनच्या कामाची मजुरी बहुतेक वेळा कंपनीच डीलरला देते, त्यामुळे त्याला नकार द्यायचं कारण नसतं. महिनाअखेरीच्या डिलिव्हरीच्या धांदलीत वेळ नसतो, एवढंच. म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. आणि शेवटचा पैसा देण्याआधी जा. चावी हातात आल्यावर तुम्ही रांगेतले एक गिऱ्हाईक, त्याआधी तुम्ही त्या डीलरचा सौदा आहात.

जी सर्क्युलर आत्ता करून घ्यायची नाहीत, त्यांचे नंबर डायरीत लिहून ठेवा. पुढे तेच दुखणं निघालं तर पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर ड्रायव्हरच्या शब्दांत तक्रार लिहा आणि खाली तो नंबर. माझ्यासारख्या चार फेऱ्या होणार नाहीत. वॉरंटीची मुदत बिलाच्या तारखेपासून धरली जाते का, हे डीलरला विचारून घ्या. तसं असेल, तर बॉडी बांधण्यात गेलेले दिवसही तुमच्याच मुदतीतून जातात.

कायद्याचं थोडं बोलतो. बुलेटिन म्हणजे रिकॉल नव्हे, हा फरक ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं. त्याप्रमाणे चालकाला, रस्त्यावरच्या लोकांना किंवा पर्यावरणाला धोका असलेला दोष निघाला तर सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. बुलेटिनला असा धाक नाही. वॉरंटीची मुदत संपल्यावर तेच काम तुमच्या खिशातून होतं.

पण एकाच गाडीवर पोट असणाऱ्यांनी स्वतःला हतबल समजू नये. "तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही," असं कुणी ऐकवलं तर सांगा की स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्यात 'धंद्यासाठी' धरली जात नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हेच सांगताना उदाहरणच ट्रकचं दिलं होतं: जो ट्रक घेऊन स्वतः भाड्याने चालवतो, तो ग्राहक. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. तिथे मेकॅनिकचं तोंडी बोलणं चालत नाही, जॉब कार्ड चालतं. दहा गाड्यांच्या मालकाला हा रस्ता इतका सोपा नाही, त्याने कागद आणखी जपावेत.

त्या तरुणाला मी नंतर पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. तो वर्कशॉपमध्ये गेला, चेसिस नंबर ठेवला. त्याच्या गाडीवर दोन कामं बाकी निघाली, एक सॉफ्टवेअरचं आणि एक वायरिंगच्या क्लिपचं. तिसरं सर्क्युलर गिअर जड पडण्याचं होतं, ते त्याने करून घेतलं नाही. नंबर डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि मला फोटो पाठवला. सॉफ्टवेअर चढताना तो बॅटरीच्या चार्जरशेजारी पाऊण तास उभा होता. बुधवारी गाडी पनवेलला पासिंगला गेली. पहिली खेप न्हावा शेव्याहून भिवंडीची ठरली आहे, आणि पुढे कधी घाट लागेल तेव्हा फोन कर, असं मी त्याला सांगून ठेवलंय.