रस्ते इतके रिकामे का?

मंडळी, विषय कळवताना मी ‘जपानमधली सायकल सहल’ एवढंच कळवलं होतं. त्यामुळे तुमच्यातले निम्मे जण शिमानामी काइदोबद्दल ऐकायला आले असणार. साहजिक आहे. होन्शू आणि शिकोकू ही बेटं जोडणाऱ्या पुलांवरून समुद्र ओलांडत जाणारा तो साधारण 70 किलोमीटरचा मार्ग 1999 मध्ये पूर्ण झाला, 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय सायकल मार्गाचा दर्जा मिळाला, आणि त्याचे व्हिडिओ बघायला बसलात तर रात्र सरेल. मी मात्र बोलणार आहे डोंगरातल्या एका लहान गावाबद्दल. तिथे अख्ख्या सकाळीत वीस-बावीस किलोमीटर सायकल चालवायची, तीही गाईडच्या मागून, रमतगमत. शर्यतवाल्यांनी आत्ताच चहाला उठलं तरी मी रागावणार नाही.

गाव आहे हिदा-फुरुकावा, गिफू प्रांतात. नागोयाहून ‘हिदा’ नावाच्या एक्स्प्रेसने साधारण अडीच तास. वाटेत ताकायामा लागतं, बहुतेक पर्यटक तिथेच उतरतात. फुरुकावा त्याच्या पुढे पंधरा-वीस मिनिटांवर. ताकुया यामादा नावाचे गृहस्थ मोठ्या कंपनीतली सल्लागाराची नोकरी सोडून, बायकोबरोबर जगभर हिंडून इथे येऊन राहिले आणि 2010 मध्ये त्यांनी परदेशी पाहुण्यांसाठी या सायकल सहली सुरू केल्या. गावात बघायला काय आहे, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर उत्तर सोपं नव्हतं. भातखाचरं, गोठे, पाट, म्हाताऱ्या बायका. तेच त्यांनी दाखवायला घेतलं.

आधी गावातली गल्ली. सेतोगावा नावाचा एक अरुंद पाट पांढऱ्या भिंतींच्या कोठारांना लागून वाहतो आणि त्यात रंगीत कोई मासे पोहतात. फोटो सगळे इथेच काढतात. हा पाट मुळात साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी शेतीच्या पाण्यासाठी खणलेला. पुढे त्यात कचरा साठायला लागला, तेव्हा गावकऱ्यांनी तो साफ केला आणि 1968 मध्ये मासे सोडले. माशांसमोर कचरा टाकायला माणूस लाजतो, हा हिशेब बरोबर निघाला. थंडीत मासे तळ्यात हलवतात, कारण हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोक याच पाटात ढकलतात. म्हणजे आजही तो कामाचा पाट आहे, शोभा ही त्यावर वरकड.

घरं बघून सगळे ‘किती प्राचीन!’ म्हणतात. खरं तर 1904 च्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला, त्यामुळे बरीचशी घरं त्यानंतरची आहेत. पण बांधणारे हात जुन्या परंपरेतले. हिदा डोंगराळ मुलूख, भात कमी पिकायचं. म्हणून आठव्या शतकातल्या कायद्याने इथून काही करांच्या बदल्यात सुतार मागवले जायचे, राजधानीतल्या देवळांच्या आणि वाड्यांच्या बांधकामाला. फुरुकावात पागोळीखाली मान वर करून बघा. पुढे आलेल्या आडव्या लाकडाला आधार देणारा एक कोरीव तुकडा दिसतो, ढगासारख्या वळणाचा आणि पांढरा रंगवलेला. प्रत्येक सुताराचं वळण वेगळं. गाईडने हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यांच्या सायकली थांबल्या आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही माना वर करून शेजारशेजारच्या घरांत कोणाचा हात कोणता ते ओळखत बसलो. नव्या घराने आजूबाजूच्या घरांना खटकू नये, अशी इथे जुनी रीत आहे. कायद्यापेक्षा शेजाऱ्याचा धाक जास्त.

गाव संपलं की खाचरं. आम्ही गेलो तेव्हा लावणी नुकतीच झाली होती. खाचरात पाणी, पाण्यात डोंगर, आणि रस्त्यावर कुणी नाही. जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे तेवढी धास्तीही नाही. एका वळणावर गाईडने थांबवलं. खाचरात एक आजोबा वाकून काहीतरी करत होते, रस्त्याकडेला त्यांचा पांढरा छोटा टेम्पो. लावणी यंत्राने होते. पण यंत्र वळताना कोपरे सुटतात. त्या कोपऱ्यांत ते हाताने एकेक रोप खोवत होते. चार-चार रोपं चिमटीत, अंगठ्याने दाबून, पुढे. उरलेली रोपं खाचराच्या एका कडेला पाण्यात ठेवलेली, कुठे मर पडली तर भरायला. कोकणातलं किंवा मावळातलं माणूस हे बघून हसेल, कारण आपल्याकडेही हेच करतात. बांध मात्र बघण्यासारखे. दर वसंतात ते ओल्या चिखलाने लिंपून गुळगुळीत करतात, सारवलेल्या अंगणासारखे. पाणी झिरपू नये म्हणून. त्यामुळे फोटोसाठी बांधावर पाय ठेवायचा नाही, ही गाईडची पहिली सूचना. आमच्यातल्या एकाने ठेवलाच. आजोबा काही बोलले नाहीत, गाईड बोलला.

आता शीर्षकातला प्रश्न. माहितीपत्रकात ‘शांत, निवांत खेडी’ असं छापलेलं असतं. ही शांतता आली कुठून, हे कोणी छापत नाही. 2005 च्या जनगणनेत हिदा शहराची, म्हणजे फुरुकावा आणि आजूबाजूची खेडी मिळून झालेल्या पालिकेची, लोकसंख्या जवळपास 29 हजार होती; 2020 मध्ये साडेबावीस हजारांच्या आसपास. देशभरातल्या, शेती हाच मुख्य धंदा असलेल्या शेतकऱ्यांचं सरासरी वय 2020 मध्ये 67.8 वर्षं होतं आणि त्यांची संख्या वीस वर्षांत 24 लाखांवरून 13 लाख 60 हजारांवर आली होती. 2023 च्या पाहणीत जपानमध्ये 90 लाख घरं रिकामी निघाली. रस्ते रिकामे आहेत ते यामुळे. त्यात भाताचं क्षेत्र मुद्दाम कमी ठेवण्याचं सरकारी धोरण 1970 च्या सुमारापासून 2017 पर्यंत चाललं. म्हणून मधल्या काही खाचरांत भाताऐवजी सोयाबीन किंवा बकव्हीट, म्हणजे कुट्टू, दिसतं. टोमॅटो आणि पालकाचे प्लॅस्टिकचे बोगदेही दिसतात. फोटोत ते कुरूप येतात, पण तालुक्याचा पैसा तिथून येतो.

पाटाचंच घ्या. वसंतात पाणी सोडण्याआधी पाट साफ करायचा तर घरटी एक माणूस यायचा. घर बंद पडलं की एक फावडं कमी झालं, पाटाची लांबी मात्र तेवढीच.

म्हणून गाईडबद्दल माझं मत जरा कडक आहे. सायकल तुम्ही एकट्यानेही भाड्याने घेऊ शकता, रस्ता फोन दाखवेल. पैसे घेऊन परदेशी भाषेत गाईडचं काम करायला पूर्वी सरकारी परवाना लागायचा, जानेवारी 2018 पासून ती अटही गेली. तरी गाईड हवा, कारण त्या आजोबांच्या खाचराशेजारी दहा अनोळखी माणसांनी थांबावं याला त्यांची संमती लागते. ती संमती एका दिवसात मिळत नाही. आमच्या गाईडला वाटेत भेटलेली प्रत्येक व्यक्ती नावाने ओळखत होती. एका आजींनी त्याला थांबवून मुळ्याची जुडी दिली, मग आमच्याकडे बघून ही मंडळी कुठली, असं विचारलं. ‘इंदो’, म्हणजे भारत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला आमचा उन्हाळा काहीच वाटत नसेल. सहलीचं निम्मं मोल मी त्या दोन मिनिटांना देते. उलट, ज्या गाईडला गावात कोणी ओळखत नाही, त्याच्या सहलीत गाव नुसतं पडद्यावर बघितल्यासारखं जातं.

आता दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत. कधी जावं? मला मे अखेर आवडतो, पाण्यामुळे. 19 आणि 20 एप्रिलला फुरुकावाची जत्रा असते. रात्री प्रचंड ढोल खांद्यावर निघतो आणि उघड्या अंगाची पोरं त्याच्यावर तुटून पडतात. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या 33 जत्रांमध्ये तीही आहे. पण त्या दिवसांत खोली महिनोन् महिने आधी धरावी लागते, आणि शांतता विसरा. डिसेंबरनंतर बर्फ, सायकलचं नाव नको.

दुसरा प्रश्न अर्थातच शाकाहाराचा. टोफू, भाज्या, सोबा नूडल्स सगळं मिळतं, अडचण रश्श्याची. तो बहुधा सुक्या माशाच्या अर्काचा असतो, आणि ‘मांस नको’ एवढं सांगितलं तर मासा त्यात धरत नाहीत. तेव्हा बुकिंग करतानाच मासे आणि माशांचा अर्क दोन्ही नको असं लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानीण बाई ओशाळते, आणि तुमच्या वाट्याला नुसता भात आणि लोणची येतात. लोणची उत्तम असतात, पण वीस किलोमीटरनंतर पुरत नाहीत.