धयकाल्याआधी उठलेला माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

परवा एका नाट्यगृहात नाटक बघायला गेलो होतो. दोन अंकी नाटक, रात्री साडेनऊचा प्रयोग. शेवटचा प्रवेश चालू होता. बाप आणि मुलगी समोरासमोर उभी, सगळं प्रेक्षागृह कान देऊन बसलेलं, आणि नेमकी तेव्हाच माझ्या रांगेतली चार माणसं उठली. गाडी काढायची होती. नंतर पार्किंगमध्ये गर्दी होते ना, म्हणून. माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत चौघं गेली. एकाच्या हातात मोबाइलची बॅटरी पेटलेली, तिचा उजेड सरळ रंगमंचावर. मुलगी बापाला काय म्हणाली ते मला काही ऐकू आलं नाही.

नाटक सुरू होण्याआधी तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेला माणूस आपोआप गप्प होतो. संपण्याची मात्र घंटा नसते. कधी उठायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. संगीत नाटकांत सुरुवातीला नांदी आणि शेवटी भरतवाक्य असायचं. नांदीला धावत येणारे पुष्कळ आणि भरतवाक्याला थांबणारे थोडे, अशी तक्रार जुने लोक करायचे.

आपल्या तळकोकणात मात्र कधी उठायचं याचं उत्तर खेळाच्या नावातच आहे. बाहेरचे लोक त्याला दशावतार म्हणतात. आपण काय म्हणतो? धयकालो. दहीकाला. आता हा काला कधी होतो, ते तुम्हाला सांगायला नको. मध्यरात्री देवाची पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून आत गेली की गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते, काळा संकासुर येऊन वेद पळवतो, मग आख्यान उभं राहतं. राजे येतात, राक्षस येतात, रात्र सरते, आणि उजाडता उजाडता दहीहंडी फुटते. तेव्हा काला होतो. म्हणजे बघा, रात्रभराच्या खेळाला आपण जे नाव दिलंय, ते त्याच्या शेवटाचं नाव आहे. पुन्हा सांगतो, ते शेवटाचं नाव आहे. मधेच उठून गेलेल्या माणसानं गणपती बघितला, संकासुर बघितला, राजा बघितला. धयकालो काही बघितला नाही.

आणि रात्रभर जागायची सक्ती कुणी केली होती? आपल्या माणसांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. झोप आली तर तिथेच झोपायचं. घरून गोधडी न्यायची, देवळापुढच्या मांडवात चटई टाकायची. पोरं आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, राक्षस ओरडत आला की दचकून उठायची, तो मेला की परत झोपायची. पहाटे आजी गदागदा हलवायची, "ऊठ रे, धयकालो आयलो." त्या झोपेची कुणालाच लाज वाटत नसे. पखवाज आणि झांजेच्या आवाजात लागलेली तशी गाढ झोप मला पुढे कुठल्याही पलंगावर लागली नाही. आता मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. खुर्चीवर माणसाला नीट झोपता येत नाही, म्हणून तो उठून घरी जातो. माझं ठाम मत आहे की जत्रेतला प्रेक्षक जर कुणी पळवला असेल तर तो या खुर्च्यांनी. चटया परत आणा, माणसं थांबतील.

जत्रेचा विषय निघालाच आहे तर खाज्याबद्दलही बोलून घेतो. खाज्यात आलं हवं, आणि ते घशाला जाणवायला हवं. नुसत्या गुळाचं खाजं मला खाजं वाटत नाही. पहाटे चारच्या थंडीत आल्याचं खाजं चावलं की डोळे उघडतात आणि पुढचं आख्यान नीट दिसतं.

तर मी आज जे सांगायला आलोय ते वेगळंच आहे. मी स्वतः एकदा धयकाल्याआधी उठलो होतो.

साल १९८४. मी मुंबईत नोकरीला होतो, लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर राहायचो. कोकण रेल्वे अजून व्हायची होती. मार्गशीर्षात आमच्या गावच्या जत्रेसाठी चार दिवसांची रजा काढून आलो होतो. परतीचं तिकीट कुडाळहून सकाळच्या मुंबई गाडीचं होतं, आणि ती पकडायची तर आमच्या फाट्यावर पहाटे सव्वापाचची एसटी गाठायलाच हवी. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालो नाही तर पगार कापला जाणार होता.

त्या वर्षी आख्यान होतं हरिश्चंद्राचं. राजानं राज्य दिलं, बायको विकली, मुलगा विकला, स्वतः स्मशानात पहाऱ्याला उभा राहिला. तारामतीचं काम करणारा नट असा होता की त्यानं नुसता पदर सारखा केला तरी बायका डोळे पुसायच्या. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तारामती बोलायला लागली की ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. रोहिदासाचं काम आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाकडे होतं. त्याला साप चावला, तो बाकड्यावर पडला, तारामतीनं टाहो फोडला, आणि मी घड्याळ बघितलं. पाच वाजायला वीस मिनिटं.

मी उठलो. आजीनं हात धरला. म्हणाली, "काल्याक ऱ्हव रे." मी म्हटलं, "आजी, एसटी चुकेल." तिनं हात सोडला.

बॅग घेऊन मळ्यातून निघालो. पायाखाली दव, पुढे बॅटरीचा गोल उजेड. देवळाचा एक कर्णा माडाला बांधला होता आणि त्याचं तोंड फाट्याच्या बाजूला होतं. त्यामुळे मी जसजसा लांब जात होतो तसतसं नाटक माझ्या मागून येत होतं. फाट्यावर पोचलो तर एसटीचा पत्ता नाही. तिथे मासळी विकणारी एक बाई रिकामी पाटी घेऊन बंदरावर जायला उभी होती. काळोखात आम्ही दोघं उभे राहून कर्ण्यातून येणारं नाटक ऐकायला लागलो.

सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. हरिश्चंद्र आपल्याच बायकोकडे स्मशानाचा कर मागतो, ते ऐकलं. तिच्यावर तलवार उचलतो, ते ऐकलं. मग झांजा कडाडल्या, पखवाज धडधडला. देव आला. देवानं राजाचा हात धरला, त्याच्या सत्वाची तारीफ केली, आणि म्हणाला, "ऊठ बाळ रोहिदासा, ऊठ."

आणि पुढे काहीच नाही.

देव पुन्हा म्हणाला, "ऊठ बाळा." पखवाजावर एक थाप पडली आणि थांबली. पेटीवाल्यानं एक सूर धरून ठेवला होता. मग तोही थांबला. कर्ण्यातून नुसती खरखर. नुसती खरखर, श्रोतेहो. लांब कुठेतरी कोंबडा आरवला तो ऐकू आला, पण देवळाकडून चकार शब्द नाही. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "माये गे! पोर खराच मेला की काय?"

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एकदम सगळा मांडव उसळल्यासारखा आवाज झाला. हसत होते, रडत होते की देवाच्या नावानं गजर करत होते, ते काही कळेना. मी बॅग तिथेच ठेवून दहा पावलं मागे गेलो. तेवढ्यात वळणावर एसटीचे दिवे दिसले.

लालबागला पोचलो तर खोलीवरचे सगळे वाट बघत बसलेले. त्यांना रजा मिळाली नव्हती. खाज्याची पुडी सोडली, वाटली, आणि पहिला प्रश्न आला, "शेवट कसो झालो?" मी काय सांगणार? देव आला इथपर्यंत सांगितलं. पुढे काय, म्हणाले. मी म्हटलं, पुढे सगळे गप्प झाले. "आणि मग?" मग एसटी आली.

आईच्या पोस्टकार्डात एवढंच होतं की जत्रा चांगली झाली. शिमग्याला गावी गेलो तेव्हा घरोघर विचारत फिरलो. काकी म्हणाली, पोरानं उठून पाणी मागितलं. शेजारचे म्हणाले, छे, देवच हसायला लागला. भाऊ तर झोपलेला होता. आजी सांगायला लागली आणि अर्ध्यावरच तिचे डोळे भरून आले, "ता तू बघूक व्हया होतंस," म्हणाली आणि चुलीकडे वळली. प्रत्येकानं काहीतरी बघितलं होतं, आणि मला कुणाकडूनच ते पुरतं मिळेना. नाटक छापलेलं असतं तर पुस्तक आणून शेवटचं पान वाचलं असतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट उभ्याउभ्या बोलतो, आणि त्या रात्रीचं बोलणं त्या रात्रीबरोबर जातं.

म्हणून त्या चार माणसांवर मी फार रागावू शकत नाही. कुणाचं तान्हं रडतं, कुणाला पहाटे होडी घालायची असते, कुणाची एसटी असते. ज्याला जायलाच हवं त्यानं जावं. फक्त दोन पात्रांच्या मधल्या वेळात उठावं, पद चालू असताना उठू नये, कडेनं जावं, आणि उजेड पाडू नये. उजेड पाडू नये, हे दोनदा सांगतो. पार्किंगसाठी उठणं मात्र माझ्यानं कबूल करवत नाही. गाडी दहा मिनिटं तिथेच राहते, ती कुठे जात नाही.

आता तर पुष्कळ ठिकाणी नाटकच लवकर संपवतात. संध्याकाळी सातला सुरू, दहाच्या आत समाप्त. रात्री दहानंतर कर्णे लावू नयेत हा नियम २००० सालापासून आहे, आणि आजारी माणसाचा, अभ्यास करणाऱ्या पोरांचा विचार केला तर तो नियम चांगलाच आहे. पण मग कर्ण्याशिवाय खेळा. जुने नट कर्ण्याशिवायच खेळायचे आणि शेवटच्या चटईपर्यंत शब्द पोचायचा. वेळ वाचवायला गणपती-संकासुर गाळून टाकणं आणि धुराचे ट्रिकसीन मात्र वाढवणं, हे मला पटत नाही.

असो. गोष्ट पुरी करतो.

२००३ साली दुसऱ्याच एका गावच्या जत्रेला गेलो होतो. या वेळी एसटी नव्हती, रजेची चिंता नव्हती. काल्यापर्यंत बसलो. उजाडल्यावर देवळाच्या मागे नट रंग उतरवत बसले होते, खोबरेल तेलानं. त्यांतला एक म्हातारा, ज्यानं रात्री भटजीचं काम केलं होतं, त्यानं मान वर करून पदर सारखा करावा तसा खांद्यावरचा पंचा सारखा केला, आणि मी ओळखलं. तारामती! जवळ जाऊन बसलो. गावाचं नाव सांगितलं, साल सांगितलं. म्हटलं, त्या रात्री काय झालं होतं? मुलगा का उठला नाही?

म्हातारा खूश झाला. म्हणाला, "पोर निजलेला, बाबा. खराच निजलेला. आदल्या गावाक खेळ करून आमी चलत इलेलो. रात्री राजा नि सकाळी डोक्यार बोजो, ह्या तुमका ठावक आसा. ता पोरय चललेला आमच्यावांगडा. साप चावलो, बाकड्यार आडवा झाला, नि लागलो डोळो. देवान दोनदा हाक मारल्यान. उठता खंय! राजा माझ्या तोंडाकडे बघता, पखवाजवालो माझ्या तोंडाकडे बघता. मी त्याच्या कपाळार हात ठेवलंय. काय हलवूक धीर होईना."

मग तो जरा ताठ बसला, आणि अर्धा रंग उतरलेल्या त्या तोंडातून तारामती बोलली. रंगमंचावरच्या मराठीत, हळू आवाजात, कारण त्या रात्रीही मुलाशेजारी बसून ती हळूच बोलली होती आणि माइक लांब पुढे टांगलेला होता. ती म्हणाली, "देवा, याला जीव दिलात, तुमचे उपकार झाले. पण राजवाडा सोडल्यापासून माझं बाळ एक रात्र सुखानं झोपलेलं नाही. आता त्याला उठवू नका. त्याची झोप पुरी होऊ दे."

राजानं अंगावरचा शेला काढून मुलाला पांघरला होता. देवानं वर केलेला हात खाली घेतला होता. मांडवात आपापली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायका होत्या. पुढचा तो आवाज त्यांचा होता.

"मग उठलो कधी तो?" मी विचारलं.

"हंडी फुटली तेव्हा. आणि काल्याक सगळ्यांच्या आधी हात फुडे केल्यान."

म्हातारा उठला. आत जाऊन काल्याचं भांडं घेऊन आला. माझ्या ओंजळीत एक मूठ काला घातला आणि म्हणाला, "ह्यो आजचो." मग परत भांड्यात हात घातला. "आणि ह्यो त्या वर्साचो."

नमस्कार.