विहिरीला विचारून पंप घ्या

नमस्कार श्रोतेहो.

राजापूर तालुक्यात आमची वाडी संपते तिथून कातळ लागतो. कातळाच्या पलीकडे उतारावर आमची बाग आहे. हापूसची शंभर कोवळी कलमं, वीस माड आणि एक मांगर, म्हणजे बागेतलं खोपटं. विजेचा खांब तिथवर आलेला नाही. विहीर मात्र आहे, आजोबांनी जांभा फोडून काढलेली, ११ मीटर खोल. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्यात मुरलेलं पाणी उतारानं निघून जातं आणि मे महिन्यात कळशी तिरकी करून भरावी लागते.

तिथे सौर पंप बसवायचा ठरवलं तेव्हा मी पहिल्यांदा गेलो तो थेट दुकानात, आणि चुकलो तो तिथेच. एक एचपीचा साधा एसी, म्हणजे घरच्या विजेवर चालतो तसला पंप, इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या असं सगळं घेऊन आलो. बटण दाबलं की इन्व्हर्टर ओरडून बंद पडायचा. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे मला नंतर समजलं. त्या बॅटऱ्यांत गेलेले पैसे आजही मनाला लागतात, म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो: आधी विहीर मोजा.

मोजायला दोरी पुरते. मे महिन्यात एका संध्याकाळी मी उपसा थांबवला, पाण्याच्या पातळीला दोरीला गाठ मारली. १२ तासांनी पाहिलं तर पाणी २० सेंटिमीटर चढलं होतं. विहिरीचा व्यास ३ मीटर, म्हणजे तळ साधारण ७ चौरस मीटर. त्यावर २० सेंटिमीटर म्हणजे १४०० लिटर. दिवसरात्र मिळून झरा देतो २८०० लिटर. उन्हाळ्यात माझी विहीर याहून जास्त देणार नाही, मग पंप कितीही मोठा आणा.

मग गरज मोजली. माडाला रोज ४० लिटर. कलमाला आठवड्यातून दोनदा ३० लिटर. मांगर आणि गुरं धरून ५००. सगळं मिळून दिवसाला सव्वादोन हजारांच्या आत. झरा पुरतो.

आता हे पाणी चढवायला वीज किती लागते? विहिरीच्या तळापासून टाकीपर्यंत, पाइपातलं घर्षण धरून, २० मीटर. १००० लिटर पाणी २० मीटर चढवायला हिशेबानं ५५ वॅट-तास लागतात. पंपात आणि मोटरीत वाया जाते ती धरून दीडशे म्हणा. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, म्हणजे माझं दिवसाचं सगळं पाणी अर्ध्या युनिटाच्याही आत वर येतं! हा आकडा मी तीनदा तपासला.

म्हणून आता अर्ध्या एचपीचा डीसी, म्हणजे पॅनेलच्या विजेवर चालणारा, पाण्यात बुडवायचा सबमर्सिबल पंप आहे, ३३० वॅटची दोन पॅनेलं आहेत आणि मध्ये एक कंट्रोलर. पंपासाठी बॅटरी नाहीच. ऊन पडलं की पंप चालतो आणि पाणी ५००० लिटरच्या टाकीत साठतं. दोन दिवसांची बेगमी तिथे असते. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं कितीतरी स्वस्त. टाकी न डिस्टिल्ड वॉटर मागते, न चार-पाच वर्षांनी बदलावी लागते.

सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. पण तिथले पंप ३ एचपीपासून पुढचे. मोठं शेत आणि भरपूर पाण्याची विहीर असेल तर जरूर अर्ज करा. माझ्या विहिरीचा दिवसभराचा झरा तो पंप पाव तासात संपवील.

पॅनेलं मी विहिरीजवळ न लावता कातळावर लावली. माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी अख्ख्या पॅनेलची वीज घसरते, आणि झाडाखाली वांदरांच्या उड्या. कातळावर दोन्ही त्रास नाहीत. तोंड दक्षिणेला, उतार १७ अंशांचा, आपल्या अक्षांशाएवढा. खाली हात जाईल इतकी मोकळी जागा ठेवा, वारा खेळू दे. पॅनेल तापलं की दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज कमी होते. सांगाडा गॅल्व्हनाइज्डच घ्या, खाऱ्या हवेत साधा अँगल टिकत नाही.

कातळापासून विहिरीपर्यंत ६० मीटर वायर लागली. दोन्ही पॅनेलं समांतर न जोडता सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडली की व्होल्टेज दुप्पट होतं, करंट निम्मा होतो आणि वायरीतलं नुकसान पावपट उरतं. आणि हे नीट ऐका. डीसीच्या लाइनवर घरातला साधा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा खटका, चालत नाही. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटलेली राहते आणि आग लागते. डीसीचाच एमसीबी मागून घ्या. वळवाच्या विजा उघड्या कातळावर पडू शकतात, म्हणून अर्थिंग आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर हवाच. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या, मीही तसंच केलं.

मांगरातल्या दिव्यांना मात्र बॅटरी लागते. एक वेगळं छोटं पॅनेल आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी. त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० वॅट-तास. ९ वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १८० जातात. आषाढात तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी उजेड राहतो, कारण तेव्हा पंखा लागत नाही. पाणी शिंपायचीही गरज नसते. कोकणात ऊन आणि तहान एकदमच येतात, हे आपलं भाग्य.

पहिल्या पावसानंतर विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर टाका, आणि पिण्याचं पाणी उकळा.

टाकीत ती भरली की पंप थांबवणारा फ्लोट आहे, विहिरीत पाणी खाली गेलं की पंप थांबवणारा सेन्सर आहे. रहाट मात्र मी काढलेला नाही. गेल्या एप्रिलमध्ये फ्लोट अडकला, तेव्हा दोन दिवस आईनं आणि मी रहाटावरच कळश्या ओढल्या.

नमस्कार.