माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार: घरातल्या पदार्थांचं विज्ञान

[टेबलावर काचेचा ग्लास, पाण्यानं भरलेला. हातात फुटक्या कवेलूचा तुकडा.]

नमस्कार पोरांनो. आधी फक्त पाहा. हा कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा तुकडा, उन्हात चांगला वाळवलेला. हा मी पाण्यात सोडते.

[ग्लास जवळून. तुकड्यातून बारीक बुडबुडे वर येत राहतात.]

दिसले? अजून येतच आहेत. हातात घेतला तर तुकडा चांगला भरीव वाटतो. मग ही हवा आली कुठून? त्याच्या पोटातूनच. कवेलूच्या आत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि ती एकमेकींना जोडलेली असतात. कोरड्या तुकड्यात तिथं हवा भरलेली होती. आता पाणी आत शिरतंय आणि हवेला बाहेर ढकलतंय. घरी वजनकाटा असेल तर तुकडा आधी कोरडा तोला, मग तासभर पाण्यात ठेवून, वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. वजन जेवढं वाढलं, तेवढं पाणी तो प्यायला.

आता माठाकडे या. माठही भाजलेल्या मातीचाच. त्यालाही तशीच छिद्रं. म्हणजे खरं सांगायचं तर माठ हे पाझरणारं भांडं आहे. पाणी साठवायच्या भांड्याला पाझरण्याची खोट! स्टीलचा गुंड एक थेंब बाहेर येऊ देत नाही, प्लास्टिकची कॅनही नाही. तरी मे महिन्यात घरी आलेल्या पाहुण्याला आपण माठातलंच पाणी देतो. काहून?

माठाच्या अंगावर हात फिरवा. ओलसर लागतो. आतलं पाणी छिद्रांतून बाहेर येतं आणि वरच्यावर उडून जातं, त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी कुठून घेणार? माठाकडून आणि माठातल्या पाण्याकडून. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे 580 कॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. एवढी उष्णता काढून घेतली तर 58 ग्रॅम पाणी 10 अंशांनी थंड होतं. आता मोठा हिशेब करू. माठात 10 लिटर पाणी आहे आणि ते 10 अंशांनी उतरवायचंय. त्यासाठी साधारण 170 मिलिलिटर पाणी उडून जायला हवं. मोठा कपभर! प्रत्यक्षात जरा जास्तच उडतं, कारण बाहेरची गरम हवा माठाला सतत तापवत असते. पण कपभराच्या बदल्यात अख्खा माठ गार, तोही विजेचा एक पैसा न लागता.

हे आपल्या विदर्भात फार छान जमतं, कारण आपला उन्हाळा कोरडा. चंद्रपूर, नागपूर, अकोला, पारा 45 च्या आसपास, आणि हवेत ओल जवळजवळ नाही. अशा हवेत पाणी झपाट्यानं उडतं. जुलैत पाऊस सुरू झाला की हवा आधीच ओली असते, पाणी उडायला तयार नसतं, आणि तोच माठ तेवढं गार पाणी देत नाही. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो. त्याच्या ताट्यांमध्ये लाकडाच्या बारीक दोऱ्या किंवा खस भरलेली असते. तिच्यावरून पाणी ओघळतं, पंखा त्यातून कोरडी हवा ओढतो, पाणी उडतं, हवा गार होते. समुद्राकाठच्या गावात हाच कूलर लावला तर नुसता दमटपणा वाढतो. म्हणून कूलर लावलेल्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवायची. ओली झालेली हवा बाहेर गेली पाहिजे.

माठाबद्दल दोन गोष्टी घरी नक्की सांगा. बाजारात चकचकीत ऑइल पेंटनं रंगवलेले माठ मिळतात. दिसायला सुंदर, पण रंगानं छिद्रं बुजतात, आणि मग तो माठ माठाचं काम करत नाही. दुसरं, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं माठावर पांढरी पूड जमते. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागं राहतात, आणि हळूहळू तेही छिद्रं बंद करतात. जुना माठ कमी गार करतो तो यामुळे. नुसत्या पाण्यानं, नारळाच्या काथ्यानं घासा. साबण नको, तो छिद्रांत शिरून बसतो.

[टेबलावर शेतातल्या काळ्या मातीचं ढेकूळ. त्यावर थोडं पाणी ओततात.]

आता कोणी विचारेल, माठ मातीचा आहे तर पाण्यात विरघळत का नाही? हे ढेकूळ पाहा, पाणी पडताच सुटायला लागलं. फरक आहे भट्टीचा. मातीच्या कणांमध्ये पाणी दोन तऱ्हेनं असतं. एक, कणांच्या मधलं, जे उन्हात वाळवलं की जातं. दुसरं, कणाच्या रचनेतच बांधलेलं. ते उन्हाला दाद देत नाही, त्याला साधारण पाचशे-सहाशे अंशांची आग लागते. भट्टीत हे बांधलेलं पाणी निघून गेलं की मातीची रचना कायमची बदलते आणि कण एकमेकांना चिकटतात. त्यानंतर कितीही पाणी घाला, माठाचा पुन्हा चिखल होत नाही. बर्फाचं पाणी होतं, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. मातीचा माठ होतो, पण माठाची माती होत नाही. फोडून पूड केली तरी ती खापराचीच पूड.

आपली काळी माती जरा वेगळी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचा काळा बेसॉल्ट खडक झाला, आणि तो झिजून झिजून ही माती बनली. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. म्हणून पावसात माती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतातल्या त्या भेगा, ज्यांत आपला पाय अडकतो, त्या याच आक्रसण्यानं पडतात. घर बांधणाऱ्यासाठी ही मोठी डोकेदुखी, भिंतींना तडे जातात. पण हीच माती पावसाचं पाणी इतकं धरून ठेवते की पाऊस गेल्यावरही शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तग धरते. कुंभारकाका मात्र अशी फुगणारी माती नुसती वापरत नाहीत. ते तलावातला गाळ निवडतात, त्यात राख, बारीक रेती किंवा लीद मिसळतात. वाळताना भांडं तडकत नाही, आणि राख-लिदीमुळे छिद्रंही बरी पडतात.

आजच्या व्हिडिओत मला हेच दाखवायचंय. पदार्थाच्या ज्या गुणाला आपण खोट म्हणतो, तोच दुसऱ्या कुठल्या तरी कामात उपयोगी पडतो. लोखंड घ्या.

[हातात विळा.]

याचं पातं लोखंडाचं, मूठ लाकडाची. पौषातल्या सकाळी अंगणात पडलेल्या वखराला हात लावा. लोखंडी पास, म्हणजे त्याचं पातं, एकदम गार लागते, लाकडी दांडी तेवढी नाही. आता सांगा, दोघांत जास्त थंड कोण? बरीच मुलं म्हणतात पास. थर्मामीटर लावला तर दोघांचं तापमान सारखंच निघेल, रात्रभर एकाच अंगणात होते ना! फरक एवढाच की लोखंड उष्णता भराभर वाहून नेतं. आपल्या त्वचेचं तापमान असतं साधारण 33 अंश. थंडीत लोखंड आपल्या बोटांतली उष्णता ओढून पुढं पाठवतं, बोट गारठतं. लाकूड ती तिथंच थांबवतं.

आणि हाच प्रयोग मे महिन्यात सावलीत करा, जेव्हा हवा 45 अंशांची असते. आता लोखंड बोटापेक्षा गरम आहे, तेव्हा उष्णता उलट दिशेनं धावते, लोखंडातून बोटात. तीच पास आता चटका देते! एकाच गावात, एकाच वखरावर, दोन्ही बाजूंनी हा प्रयोग करता येतो. असं सगळीकडे जमत नाही.

लोखंडाची दुसरी गोष्ट मला फार आवडते. लोखंड तापलं की वाढतं. फार नाही, एका अंशाला दहा लाखात फक्त 12 भाग. इंजिनिअर लोकांना याची काळजी घ्यावीच लागते. विजेच्या तारा उन्हाळ्यात सैल होऊन खाली लोंबतात, म्हणून त्या ओढताना आधीच हिशेब करतात. पण गावातल्या लोहारानं या वाढण्याचाच उपयोग करून घेतला. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे गोल पट्टी असते. ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. मग गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवतात. चार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली तर साधारण 24 मिलिमीटर वाढते. तेवढ्यात ती चाकावर बसते. लगेच वरून पाणी ओततात, चर्र आवाज होतो, धाव आक्रसते आणि आरे, पाटे सगळं आवळून धरते. ना खिळा, ना डिंक.

पण थांबा, लाकडाचंही काही म्हणणं आहे. लाकूड उष्णतेनं फारसं वाढत नाही, पाण्यानं मात्र फुगतं. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसतं ना, तेच. मग कडक उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून बारीक होतं आणि धाव सैल पडते. म्हातारी माणसं अशा वेळी चाकावर पाणी मारायची, किंवा बंडी नाल्याच्या पाण्यात उभी करायची. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. आता बहुतेक बंड्यांना रबरी टायर आले, पण गावात जुनं चाक कुठं टेकवून ठेवलेलं असेल तर जाऊन पाहा, आणि आजोबांना धाव कशी चढवायचे ते विचारा. ज्यांनी ते पाहिलंय अशी माणसं आता कमी होत चालली आहेत.

छताबद्दल थोडक्यात. टिनाचा पत्रा म्हणजे लोखंडाचा पातळ पत्रा, वर जस्ताचा मुलामा. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पातळ धातू असल्यानं दुपारी तो लगेच तापतो आणि खालच्या खोलीची भट्टी करतो. कवेलू जाड, छिद्रांमध्ये हवा भरलेली, आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. घर थंड राहतं. तरी लोक टिन लावतात, आणि त्यांचं चुकत नाही. वानरांची टोळी एकदा छतावरून गेली की किती कवेलू फुटतात हे आपल्याला माहीत आहे, आणि दरवर्षी पावसाआधी वर चढून ते नीट लावणारं माणूस तरी हवं ना. टिनाखाली तट्टा किंवा बांबूचं छत बांधलं तर दोन्हींच्या मधे हवा राहते आणि बराच फरक पडतो.

[दोन वाट्या पाणी. एका हातात घरचा कापूस, दुसऱ्या हातात मेडिकलमधला कापूस.]

आता कापूस. आपल्या घरात दिवाळीनंतर याचे ढीग असतात. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. हा घरचा कापूस, सरकी हातानं काढली. पाण्यावर ठेवते. आणि हा मेडिकलच्या दुकानातला.

[घरचा कापूस तरंगत राहतो. दुसरा लगेच भिजून बुडतो.]

दोन्ही कापूसच! मग एक तरंगतो आणि एक बुडतो, असं का? कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो, आणि सेल्युलोजला पाणी फार आवडतं. पण झाडावरच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. शंभर ग्रॅम रुईत जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम मेण. तेवढं पाणी अडवायला पुरतं. मेडिकलचा कापूस अल्कलीच्या, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थाच्या पाण्यात उकळून मेण काढलेला असतो.

हे घरीही करता येतं, पण आई किंवा बाबा सोबत असतानाच. स्टीलच्या भांड्यात पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडी रुई. अर्धा-पाऊण तास उकळा, चार-पाचदा स्वच्छ पाण्यात धुवा, वाळवा, मग पाण्यावर ठेवून पाहा. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात घेऊ नका. सोडा ॲल्युमिनियमला खातो, भांडं काळं पडतं.

मेण निघालं की कापूस घाम टिपतो. डोक्याला बांधलेला ओला सुती दुपट्टा गार वाटतो तो माठाच्याच नियमानं. नेहमीच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

[खताची रिकामी चुंगडी, कडेचे धागे सुटलेले.]

शेवटची ही चुंगडी. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यांनी विणलेली. हलकी, मजबूत, पाण्यात कुजत नाही, वाळवी लागत नाही. म्हणून धान्याला, खताला चांगली. पण उन्हात वर्ष-दोन वर्षं राहिली की हात लावताच भुगा होतो, आणि तो भुगाही कुजत नाही, मातीतच राहतो. कापूस वेचायला ही चुंगडी वापरली की तिचे सुटलेले धागे रुईत मिसळतात. सूत कातताना कळत नाही, कापड रंगवताना कळतं. कापूस रंग पितो, पॉलिप्रॉपिलीन पीत नाही. गडद कापडावर ते धागे बिनरंगाचे तसेच उठून दिसतात, आणि एवढ्याशा धाग्यानं थानच्या थान बाद होतं. म्हणून वेचणीला सुती कापडाचीच ओटी बांधायची, आणि घरच्या ढिगात पांढरा-पिवळा प्लास्टिकचा धागा दिसला तर जिनिंगला गाडी जायच्या आधी तो काढून टाकायचा. हे काम तुमच्या बारीक बोटांना मोठ्या माणसांपेक्षा चांगलं जमेल.