कार्ड आहे, फिजिओ कुठे?

(दृश्य: सकाळ. फिजिओथेरपी विभागाचा लांब हॉल. दोन समांतर दांडे, त्यांच्यामध्ये एक बाई.)

टाच आधी, मग पंजा. विक्रोळीच्या या मावशींची डावी बाजू पक्षाघाताने गेली होती. आता पाय उचलतो, पण टेकताना वाकडा पडतो. समोरची मुलगी फिजिओथेरपीची इंटर्न आहे. तिचे दोन्ही हात मावशींच्या कमरेजवळ आहेत, पण ती धरत नाही. तोल मावशींनी स्वतः सावरायचा आहे.

(निवेदन थांबते. हॉलचेच आवाज. मावशी दांड्यांच्या टोकापर्यंत जातात आणि वळतात.)

महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातला हा हॉल आहे. भिंतीवर खांद्यासाठी लोखंडी चाक. शेजारी लाकडी शिडी, बोटांनी एकेक खाच चढत हात वर न्यायची. खांदा आखडलेला माणूस काल कुठल्या खाचेपर्यंत पोहोचला होता आणि आज कुठे आहे, हे त्याला स्वतःलाच दिसतं. छताच्या कप्पीतून आलेली दोरी चांगल्या हाताने ओढली की दुखरा हात वर जातो. कोपऱ्यातल्या भांड्यात मेण वितळतंय. त्यात बुडवून काढलेला हात पांढरा होतो, आणि मेण सोलून काढल्यावर आखडलेली बोटं थोडी सैल झालेली असतात.

बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना विचारलं, तर बहुतेक जण म्हणतात, ‘करंट घ्यायला आलोय’, ‘शेकायला आलोय’. करंट आणि शेक इथे मिळतोच, पण त्याने दुखणं कमी होतं ते पुढच्या व्यायामासाठी. खरा उपचार म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं. पक्षाघातात मेंदूचा एक भाग निकामी होतो, आणि त्याचं काम उरलेल्या भागाला शिकवावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांत हे शिकणं सगळ्यात वेगाने होतं. एका दिवसात उरकणारा हा उपचार नाही. आठवड्यातून अनेकदा, आणि महिनोन्‌महिने तो करावा लागतो.

(दृश्य: डिस्चार्ज कार्डावर कॅमेरा. शेवटची ओळ.)

मावशी रुग्णालयात दाखल होत्या तेव्हाचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. डिस्चार्ज कार्डाची शेवटची ओळ आहे: ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. ती कुठे चालू ठेवायची आणि पैसे कोण देणार, याबद्दल कार्डावर काही नाही.

(दृश्य: विक्रोळीतला रस्ता. मेडिकलच्या वर फिजिओथेरपी क्लिनिकची पाटी. मग दुसरी. मग तिसरी.)

मावशींच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही क्लिनिकं आहेत. फिजिओथेरपिस्ट शिकलेले आहेत, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असलेले आहेत. एका बैठकीचे साधारण पाचशे रुपये होतात. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: सरकारी योजनेचं कार्ड चालतं का? सगळीकडे मान नकारार्थी हलली. एका डॉक्टर मॅडमनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, ‘मला घ्यायला आवडेल हो, पण मला त्या यादीत जागाच नाही.’

त्या बरोबर सांगतात. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत, म्हणजे आयुष्मान कार्डाच्या योजनेत, नोंद होण्यासाठी रुग्णालयाकडे सर्वसाधारणपणे किमान 10 खाटा असाव्या लागतात. फिजिओच्या क्लिनिकमध्ये पेशंट ज्या टेबलावर झोपतो ती खाट इथे धरत नाहीत. संपूर्ण योजनाच दाखल झालेल्या पेशंटसाठी बांधलेली आहे. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस तिच्यात धरलेले आहेत. ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, तिच्यात नाही. राज्याची महात्मा फुले योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत मुंबई होती, आणि तिचाही पाया दाखल पेशंट हाच राहिला. आता एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्यातले पाचशे रुपये गल्लीतल्या फिजिओला देता येत नाहीत.

(दृश्य: विक्रोळी स्टेशन. पूल. मावशी एका हाताने कठडा धरून, मुलगा मागे.)

म्हणून मावशी परळच्या त्या हॉलमध्ये जातात. स्लो लोकल, पूल, मग टॅक्सी. मुलाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.

(निवेदन नाही. पुलाच्या पायऱ्या पूर्ण चढेपर्यंत दृश्य तसंच ठेवावे.)

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पायांना आधार देणारे कॅलिपर घातलेली मुलं.)

आपल्या देशातलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच परळमध्ये. 1950 च्या आसपास मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. मुलं वाचली, पण त्यांचे पाय लुळे पडले, आणि त्या पायांवर काम करणारी माणसं देशात जवळजवळ नव्हती. तेव्हा भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना एकत्र आल्या आणि परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. 1955 मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. आजही तिथे फिजिओ, कृत्रिम अवयव, कॅलिपर हे सगळं एका आवारात मिळतं. ज्या शहराने हे सत्तर वर्षांपूर्वी उभं केलं, त्या शहरात हे वॉर्डावॉर्डांत का पोहोचलं नाही, हा प्रश्न आम्ही चित्रीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर विचारत राहिलो.

(दृश्य: परळ, डॉ. एस. एस. राव मार्ग. कामगार विमा रुग्णालयाचं प्रवेशद्वार. मग आत, एका तरुण कामगाराचा हात, बोटांमध्ये मऊ रबरी गोळा.)

सरकारी विमा आणि रोजची ओपीडी जिथे खरोखर एकत्र येतात अशी एक जागा मुंबईच्या कामगाराजवळ आहे: कामगार राज्य विमा, म्हणजेच ईएसआय. तिची मुळं स्वातंत्र्याच्या आधीची. प्रा. बी. पी. अडारकर यांनी 1944 मध्ये कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यावरून 1948 चा कायदा आला, आणि 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. मग ती मुंबईच्या गिरणगावात आली. पगारातून थोडे पैसे कामगाराचे, जास्त पैसे मालकाचे. आजचा दर आहे कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये.

हा तरुण अंधेरीच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या मशीनवर होता. दोन बोटांचे स्नायुबंध तुटले, ऑपरेशन झालं. बोटं जोडली गेली तरी ती वाकवायला शिकवावं लागतं, आणि सुरुवातीला ते रोज करावं लागतं. ईएसआयच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, रुग्णालयाने तारखा दिल्या, आणि खिशातून काही गेलं नाही. कामावर झालेल्या अपघातासाठी सुट्टीच्या काळात पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, साध्या आजारपणात 70 टक्के. त्याच्या पँटच्या खिशात विमा क्रमांकाची झेरॉक्स आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. दहा आकडे. ते त्याला तोंडपाठ आहेत.

वरळी, परळ, मुलुंड, कांदिवली, अंधेरी: मुंबईतली ईएसआयची रुग्णालयं अशी विखुरलेली आहेत. आपल्या जवळच्या ठिकाणी फिजिओचे दिवस कोणते, हे फोनवर किंवा प्रत्यक्ष जाऊन आधी विचारावं, कारण दुखरा पाय घेऊन फुकट फेरी मारणं फार महाग पडतं. आणि एक गोष्ट, जी बाकावरच्या अनेकांना माहीत नव्हती. किमान पाच वर्षं विमा भरून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. गुडघे आणि कंबर नेमकी याच वयात बोलू लागतात. कामावर असलेल्याच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही हा विमा लागू होतो. अट त्यांच्या उत्पन्नाची.

(दृश्य: पुन्हा विक्रोळी. महापालिकेचा दवाखाना. बाहेर खोकल्याच्या औषधाची रांग.)

मावशी घरकाम करायच्या, चार घरी. त्यांना ईएसआय नाही. त्यांच्या घरापासून हा दवाखाना पाच मिनिटांवर. इथे एक टेबल, भिंतीला एक शिडी, दोन दांडे आणि आठवड्यातून काही दिवस येणारा एक फिजिओ, एवढं झालं तर परळची फेरी वाचेल. शहरात नव्याने उघडलेल्या ‘आपला दवाखाना’ आणि पॉलिक्लिनिकमध्ये तज्ज्ञ डॉक्टर येतात. तिथे फिजिओ येतो का, हे आपल्या वॉर्डात जाऊन विचारा, आणि येत नसेल तर लेखी मागणी द्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत सांधेबदल किंवा पक्षाघातानंतर ठरावीक आठवडे घरी येणाऱ्या फिजिओचा खर्च देण्याची सोय आहे. म्हणजे सरकारी तिजोरीतून घरापर्यंत फिजिओ पोहोचवण्याची पद्धत आपल्याकडे लिहून तयार आहे. ती मावशींपर्यंत यायला हवी.

ज्यांचा व्यायाम मध्येच सुटला त्यांचे गुडघे आणि खांदे आखडून गेले, काहींचं काम कायमचं गेलं.

(दृश्य: वॉर्ड. डिस्चार्जचा दिवस. योजनेच्या टेबलामागे आरोग्यमित्र.)

तुमच्या घरातलं कोणी योजनेतून दाखल असेल, तर घरी निघण्याआधी या टेबलापाशी जा. तिथे बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा की डिस्चार्जनंतरचे किती दिवस पॅकेजमध्ये आहेत, आणि त्यात फिजिओ धरलाय का. वॉर्डच्या फिजिओकडून व्यायाम कागदावर लिहून घ्या. शक्य असेल तर घरच्या माणसाने मोबाइलवर त्याचं शूटिंग करावं. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी’ एवढंच नको. आठवड्यातून किती वेळा आणि किती आठवडे, हेही लिहून मागा. घराजवळच्या महापालिका रुग्णालयात, राजावाडी असो की भाभा, केसपेपर काढताना तो कागद पुढे करा. मोठ्या रुग्णालयातून छोट्या रुग्णालयात व्यायामासाठी पाठवण्याची चिठ्ठी मिळते का, तेही विचारा. उत्तर नाही मिळालं तर राज्याच्या योजनेचा क्रमांक 155388, आयुष्मानचा 14555, ईएसआयचा 1800-11-2526. फोन लावताना रेशन कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही समोर ठेवा, कारण पहिला प्रश्न त्यावरच्या नंबराचा असतो.