डाव्या पायाचा भाव

नमस्कार श्रोतेहो.

दंगल थांबली की वर्तमानपत्रात एक ठरलेलं वाक्य येतं : जनजीवन पूर्वपदावर. आता हे ठरवायचं कुणी? पोलिसांच्या लेखी संचारबंदी उठली की झालं. महापालिकेच्या लेखी रस्त्यावरचे काचांचे ढीग आणि जळक्या गाड्यांचे सांगाडे उचलले की झालं. दुकानदाराला मात्र विचारून बघा. तो सांगेल, दुकान उघडणं वेगळं आणि बाजार चालू होणं वेगळं.

१९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी ज्यांनी मुंबईत काढलाय, त्यांना मी नव्याने काय सांगणार? त्या हिंदू-मुस्लिम दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही वेळचे मिळून ९०० मृत्यू नोंदवले. जानेवारीत ६ तारखेला पुन्हा भडका उडाला, तो २० पर्यंत धुमसत राहिला. मध्येच १४ ची संक्रांत आली आणि तिळगूळ डब्यातच राहिला. बरं तर बरं, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणून बायकांनी ते मागाहून उरकून घेतलं. संचारबंदी आधी थोडे तास शिथिल व्हायची, तेवढ्यात दूध, कांदे-बटाटे, रॉकेल. आमच्याकडच्या बेकरीतले कारागीर गावी निघून गेलेले, त्यामुळे पाव नाही. तसा वडा पावाशिवायच खावा हे माझं जुनं मत आहे, पावाने वड्याची चव मारली जाते. पण मुंबईत हे बोलायची सोय नाही. असो.

तर मला आज सांगायचंय ते चपला-बुटांच्या एका दुकानाबद्दल. भायखळा पुलापासून फार लांब नाही. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. ते कोणत्या धर्माचे, हे मी सांगणार नाही. ही गोष्ट सांगितली की लोक पहिलं तेच विचारतात, आणि तेवढ्यासाठीच मी सांगत नाही.

जानेवारीत शेठचं दुकान फुटलं. शटर पहारीने उचकटलं, शोकेसच्या काचा फोडल्या आणि मांडलेला सगळा माल पोत्यांत भरून नेला. दुकानातल्या पोऱ्याने जाताना शिडी काढून मागच्या मोरीत आडवी टाकली होती, म्हणून माळ्यावरची खोकी वाचली. आता तुम्ही बूट घ्यायला गेलाच असाल, तर आठवा. शोकेसमध्ये जोड मांडतात का? नाही. एकच पाय मांडतात. दुसरा खोक्यात. शेठचा शिरस्ता असा, की मांडायचा तो उजवा, आणि मांडायचा तो सात नंबरचा, कारण तो दिसायला बरा दिसतो. म्हणजे पोती भरभरून नेलं काय, तर सगळे उजवे आणि सगळे सात नंबर!

शेठनी शटर ठोकून सरळ केलं, उदबत्ती लावली, दुकान उघडलं. गिऱ्हाईक यायचं, पण कसं? मान खाली. सांगितला भाव मोजायचा आणि निघायचं. कुणी घासाघीस करेना. शेठ म्हणायचे, ‘अहो, मयताला आल्यासारखे येतात. धंदा होतोय, पण बाजार नाही.’

मग एका दुपारी एक गृहस्थ आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. काउंटरवर उलगडलं, तर तपकिरी बूट. उजवा. सात नंबर.

‘शेठ, याचा डावा मिळेल?’

‘मिळेल की. दोनशे ऐंशी.’

‘एका पायाचे?’

‘जोडाचे.’

‘पण उजवा माझ्याकडे आहेच ना!’

‘तो कुठून आणलात?’

गृहस्थ पंख्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, चोरबाजारात घेतला, चाळीस रुपये दिले. खरं-खोटं देव जाणे. शेठ म्हणाले, ‘मग मला दोनशे चाळीस द्या.’ गृहस्थ म्हणाले, ‘शंभर. नाहीतरी तुमचा डावा दुसरं कोण घेणार?’ शेठ म्हणाले, ‘आणि तुमचा उजवा?’ पाऊण तास ही हुज्जत! पोऱ्याने दोनदा चहा आणला, शेजारचा घड्याळवाला मध्यस्थीला आला. शेवटी एकशे साठला तुटलं. पैसे मोजून गृहस्थ पायरी उतरले आणि परत वळले. ‘शेठ, खोकं द्या की. आणि पॉलिशची डबी फुकट असते ना जोडावर?’

शेठनी मला हे सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. म्हणाले, ‘आपलाच चोरीचा माल, आणि वर पॉलिश मागतोय! त्या दिवशी मला कळलं, बाजार चालू झाला.’ दिली हो त्यांनी डबी.

ऐकताय ना? दुकान उघडणं वेगळं, बाजार चालू होणं वेगळं. १२ मार्चला शुक्रवारी बॉम्बस्फोट झाले आणि सोमवारी शेअर बाजार उघडला, याचं केवढं कौतुक आपण करतो! शेअर बाजार उघडला, बरोबर आहे. पण हातावर पोट असलेल्या माणसाला घरी बसणं परवडत नाही, म्हणून तो बाहेर पडतो, त्याला धैर्य कसलं म्हणायचं? आणि कितीतरी घरं वस्ती सोडून गेली. ठाण्यापुढचं मुंब्रा त्यानंतरच्या वर्षांत कसं फुगलं, ते मध्य रेल्वेने जाणारा कुणीही सांगेल. दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसवायला मोहल्ला कमिट्या निघाल्या, ज्युलिओ रिबेरोंसारखे निवृत्त पोलीस अधिकारी त्यात उतरले. त्यावर स्वतंत्र बोलायला हवं, आज वेळ नाही.

शेठच्या विम्याचं तेवढं सांगतो. सर्व्हेअर आला, पंचनामा वाचला आणि म्हणाला, डावे शिल्लक आहेत, म्हणजे नुकसान निम्मंच. शेठनी त्याच्यापुढे एक डावा ठेवला आणि म्हणाले, ‘घाला आणि स्टेशनपर्यंत चालून दाखवा.’ त्या वर्षी गुढीपाडवा आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली. माळ्यावरची खोकी भराभर खाली आली, गर्दी एवढी की शेठना मान वर करायला फुरसत नव्हती, आणि विम्याच्या माणसाची चिठ्ठी तीन दिवस गल्ल्याखालीच पडून राहिली.

नमस्कार.